आईला विमा नको होता

प्रिय धाकट्या,

सासूबाईंचा विमा काढलास म्हणे. चांगलं केलंस. तुझ्याकडे परदेशी यायला त्या विमानात बसायच्या आधीच काढलास, आणि तिकडे नुसत्या शिंकल्या तरी दवाखान्याचं सगळं कंपनी बघेल असा दणदणीत काढलास. हे मला कुणी सांगितलं, तर मावशीने. तिला तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं आणि मावशी लगेच दुकानात हजर. भर गिऱ्हाइकात म्हणते, "जावई असावा तर असा!" माझ्या हाताखाली तेव्हा कुणाची तरी पांढरी पँट होती. ऐकता ऐकता इस्त्री तिच्यावर तशीच राहिली आणि गुडघ्याला तपकिरी नक्षी उठली. गिऱ्हाईक माझ्याशी अजून बोलत नाही. पण माझा राग त्याचा नाही. पडद्यामागे आई बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि आतूनच म्हणाली, "बरं झालं गं. परक्या मुलखात विमा हवाच." एवढंच म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. माझा राग त्याचा आहे.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. आईनेच नको म्हटलं होतं. हो, म्हटलं होतं, मी तिथेच होते. इस्त्रीच्या टेबलावर फोन ठेवला होता आणि तू बिचारा समजावत होतास, आई वय झालंय, काढून ठेवू या, फार नाही लागत. आणि आईचं काय? "मला काय धाड भरलीय? तुम्हा दोघांना जन्म दिला आणि आठवड्याच्या आत इस्त्री हातात धरली. आता माझ्या दुखण्याची कंपनीशी पैज लावतोस होय?" तू हसलास, मीही हसले. ती म्हणाली, त्या पैशांत बायकोला काहीतरी घे आणि म्हणावं, सासू फुकटात येतेय. तू ऐकलंस. आईपुढे तू कधी जिंकला होतास की त्या दिवशी जिंकणार? म्हणून त्या गोष्टीचा दोष मी तुला देत नाही. फक्त एक सांग, सासूबाईंना विचारलं होतंस का, काढू का नको म्हणून? नसशीलच. ज्यांची जरा भीती वाटते त्यांना आपण विचारत नाही, काढून मोकळे होतो. आईला मात्र विचारत बसलास.

फोनवर का नाही बोलले म्हणशील, तर तू माझा फोन उचलत नाहीस. मागच्या वेळी मी तुला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हटलं तेव्हापासून. आणि उचललास तरी मला बोलता येणार नाही. दुकान आणि आमची खोली यांच्यात एक पडदाच आहे, तुला ठाऊक आहे, आईला सगळं ऐकू जातं. आता दुपारची तिला जरा झोप लागलीय, म्हणून चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितेय. चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग आहे. नेटाने वाच. मधेच टाकून देऊ नकोस.

तू मावशीला सांगितलंस की आई तुझं घर मोडायला आली होती, तुझ्या बायकोला तिने रडवलं, आणि सहा महिन्यांसाठी आलेली बाई निम्म्यात तोंड फिरवून निघून गेली. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. तिला आणायला विमानतळावर गेले तर सगळी माणसं बाहेर आली आणि ही सगळ्यात शेवटी. बॅग दोन पावलं ओढायची आणि थांबायची, दिसेल त्या बाकावर बसायची. मला वाटलं, रुसून आलीय, नाटकं चाललीत. घरी आल्यावर पुन्हा इस्त्रीला उभी राहिली, पण रुमाल आणि उशीचे अभ्रे तेवढे घ्यायची. शर्ट, चादरी हळूच माझ्याकडे सरकवायची. मी म्हटलं, "परदेशातून बाईसाहेब होऊन आलीस की!" ती म्हणाली, "मग? दोन दिवस तरी होऊ दे की." मी हसले आणि चादरी ओढून घेतल्या.

मग एका सकाळी ती धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्यावर खाली बसली ती उठेचना. ओठ काळेनिळे. मी आणि समोरचा चावीवाला, आम्ही दोघांनी तिला उचलून रिक्षात घातलं. मोठ्या दवाखान्यात नेलं. तुला मावशीने सांगितलं ना, "आईला जरा बरं नव्हतं"? ते हे. तू म्हणालास म्हणे, "आता लक्ष वेधून घ्यायला आजारपण काढलंय." मावशीने तेही मला इमानाने आणून पोचवलं. तिच्या पोटात काही राहत नाही, पण तुझंही त्या दिवशी तोंड जरा सैल सुटलं. असू दे. तुला माहीत नव्हतं.

डॉक्टर तरुण आहे, तुझ्याच वयाचा. त्याने विचारलं, "आजींना झटका कधी आला?" मी म्हटलं, सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत. तर मान हलवली. म्हणाला, "नाही बाई, हा आजचा नाही. मोठा झटका तीन-चार महिन्यांपूर्वीच येऊन गेलाय. अर्धं हृदय तेव्हाच निकामी झालंय, आणि उरलेल्यावर त्या आजवर चालल्या. तेव्हाच लगेच आणलं असतंत तर..." मी तिथेच भांडायला उभी राहिले, की आमच्या घरात कुणाला काही झालं नाही, तुमचं मशीन बिघडलंय. मग दाराबाहेर येऊन बोटं मोजली. धाकट्या, तेव्हा ती माझ्याकडे नव्हती रे.

मी तिला सरळच विचारलं. तिने आधी पाणी मागितलं, मग माझ्या वेणीला नावं ठेवली, मग नर्सला नावं ठेवली. मी हलेना म्हटल्यावर बोलायला लागली. तुमच्या घराजवळ बाग आहे ना, तिथे तिला आपल्या भाषेतले एक पेन्शनर भेटायचे. लेकीकडे आले होते. त्यांच्या बायकोला तिथे कळ आली, दवाखान्यात ठेवली, बरी होऊन घरी आली. पण विमा नव्हता. लेकीजावयाने नवीन घर घ्यायचं ठरवलेलं, ते त्या बिलापायी मोडलं. पेन्शनर म्हणाले, "बायको बरी झाली हो, पण आता जावयासमोर जेवायला बसत नाही. भूक नाही म्हणते आणि खोलीत बसते." आईने हे ऐकून घेतलं आणि विसरली. तिला काय, धाड थोडीच भरली होती.

पुढच्या आठवड्यात तू तिला तुझं नवीन घर दाखवायला नेलंस. कोरं, रंगाचा वास येणारं. तू पुढे पुढे पळत दिवे लावत होतास म्हणे, लहानपणी लावायचास तसे. जिना चढून वर गेलात आणि तू दार उघडून म्हणालास, "आई, ही तुझी खोली." आणि तिथे, त्या खोलीच्या दारात, तिला ते झालं. छातीवर कुणीतरी ओल्या कपड्यांचं गाठोडं ठेवावं तसं, म्हणाली. डावा हात आपला नाहीच असा. घाम फुटला. तुझ्या बायकोच्या लक्षात आलं, तिने विचारलंही, "आई, काय होतंय?" तर ही म्हणाली, "काही नाही गं, जिन्याची सवय नाही." भिंतीला हात लावून उभी राहिली आणि तुला म्हणाली, "खिडकी चांगली आहे हो." तू खिडकी उघडायला वळलास. ती मला म्हणाली, "त्याचा चेहरा बघितलास का तू? नाही बघितलास. मी बघितला. मी तिथे आडवी झाले असते तर ती खोली राहिली असती का? विमा मीच नको म्हटला होता ना. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

पण दुखणं काही थांबत नव्हतं. जरा चाललं की कळ. आता घरी परत जायचं, आणि इथे काही व्हायच्या आत जायचं, एवढंच तिच्या डोक्यात. गोड बोलून निघाली असती तर तू सोडलं असतंस का? का जातेस, बरं वाटत नाही का, चल डॉक्टरकडे, हे सगळं केलं असतंस. तुला ती ओळखून आहे. म्हणून भांडण काढलं. बसून, विचार करून काढलं, बाजारात भाजी निवडावी तसं. कशाने तुझ्या बायकोला सगळ्यात जास्त लागेल? तुमच्याकडे कपडे मशीनमधून निघाले की तसेच अंगात घालतात ना, ते तिने धरलं. "माझ्या मुलाला चुरगळलेल्या कपड्यांत बाहेर पाठवतेस, तुझ्या आईने हेच शिकवलं का?" मग स्वयंपाक काढला, मग माहेर काढलं. जन्मात कुणाच्या सुनेला वाकडं बोलली नाही ती. त्या पोरीला रडवायची आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून स्वतः रडायची. आणि तू शेवटी म्हणालास, "आई, इथे पटत नसेल तर तिकीट काढतो." ती म्हणाली, काढ. मला सांगताना काय म्हणाली माहितीय? "एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून काढायला किती संध्याकाळी भांडावं लागलं मला! चिडतच नाही गं लवकर. गुणाचा आहे."

निघताना तुझी बायको, एवढं सगळं ऐकूनसुद्धा, विमानतळावर चाकाची खुर्ची सांगू का म्हणून विचारत होती. आई तिच्यावर खेकसली, "लंगडी दिसते का मी तुला?" खुर्ची मागितली तर काय होतंय विचारतील, आणि कळलं तर विमानातून उतरवतील, ही भीती. तेवढं लांब ती चालली. मी तिला दिसेल त्या बाकावर बसताना बघितलं आणि नाटकं म्हटलं.

हे पत्र वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या हाती देतेय. त्या ऑफिसच्या कामाला तुझ्याच शहरात येताहेत, पुढच्या मंगळवारी तुला मिळेल. आपले कपडे न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, विमा काढलात का? म्हणतात, "थोड्याच दिवसांचं तर जाणं आहे, कशाला? मी ठणठणीत आहे." मी कपडे परत कपाटात ठेवले. म्हटलं, आधी विमा, मग कपडे. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिथेच उभ्या उभ्या फोनवर काढला. फार वेळ नाही रे लागला. कोट घडी करून पिशवीत घालेपर्यंत झाला. मी पडद्याआड जाऊन तोंड धुऊन आले.

तर आता मुद्द्याचं. आईने मला शपथ घातलीय, हे तुला कळू द्यायचं नाही. "जन्मभर स्वतःला खात बसेल," म्हणते. मी शपथ मोडलीय. तू स्वतःला खाल्लंस तर खा, पण आईला तुझं घर आवडलं नाही असं समजून तू तिला मागे टाकावंस, हे मला बघवत नाही. दवाखान्यातून हट्टाने घरी आली, पण आता ती आडवी होऊ शकत नाही, उशा लावून बसल्या बसल्या झोपते. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतो, फार दिवस नाहीत. दवाखान्यात ठेवलं, नळ्या घातल्या, तर काही आठवडे निघतील, बरी होणार नाही. तिला जायचं नाहीये. मला तिचं ऐकावंसं वाटतं. पण तू येणार असलास तर मी तिला उचलून नेईन, तिच्या शिव्या खाईन आणि तू येईपर्यंत टिकवेन. बायकोला घेऊन ये. आईला तिला काहीतरी सांगायचंय, एकटी असली की पुटपुटत असते. आणि ये तो रुसलेलाच ये. रडत आलास तर मी सांगितलं हे तिला लगेच कळेल. तिला वाटू दे, तुला काही पत्ता नाही. हवं तर पुन्हा थोडं भांडा. डॉक्टरला मला त्याच शुक्रवारी सकाळी सांगायचंय, नेते का घरीच ठेवते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत दुकानाच्या फोनवर फोन कर. आई ऐकत असेल, लांबण लावू नकोस. येतो म्हण नाहीतर नाही म्हण. गुरुवारी संध्याकाळी.

तुझीच,
ताई