शेड रिकामं आहे तोवर

१२ एप्रिल
छावणीतल्या आमच्या घरमालकांनी बँजो ऐकला. "वाजवा, पण छावणीबाहेर." म्हणून शेंद्र्याला! अंगदच्या, म्हणजे नवऱ्याच्या घरी, मेंढरांच्या शेडात. सासरे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन चारायला बाहेर पडतात, मृगाला परततात. तोवर अल्बम पुरा व्हायला हवा. नंतर जागा नाही.
तो वाजवतो, मी गाते. अंगद म्हणतो, अमेरिकाना. म्हणजे अमेरिकन खेड्यांतली जुन्या वळणाची गाणी, वर थोडा साठच्या दशकातला पॉप, आणि भरपूर आत्मा. आत्मा कुठून आणायचा ते अजून ठरलेलं नाही.

१३ एप्रिल
आवाज घुमू नये म्हणून शेडात घोंगड्या टांगल्या. सासूबाई दारात.
"पत्र्याला थंडी वाजती का रं, अंगद?"
मग बँजो पाहिला. इथं बेंजो वरातीतला, बटनांचा; अंगदचा अमेरिकन, नुसत्या तारांचा.
"ह्याची बटनं कुठंयत? दुकानदारानं लई गंडवलं तुला."
वास आहे. गाताना खोल श्वास घेऊ नये.

१९ एप्रिल
शब्द माझे, चाल त्याची. भांडण. त्याला गाण्यात मालगाडी हवी.
"मालगाडीत कधी बसलायस?"
"मग तुझा प्रेमभंग कुठं झालाय?"
मालगाडी काढली. जालना रोडवरचा पाण्याचा टँकर घातला. येतो, गळतो, निघून जातो. सगळं आलं त्यात.

२० एप्रिल
टँकरच्या गाण्यावर अंगद रडला. वासामुळे, म्हणाला.

२ मे
एकच गाणं राहिलं. अंगदनं टँकरचं गाणं वडिलांना फोनवर पाठवलं. मधे अंगदची शिट्टी आहे — लांब, वर जाऊन एकदम पडणारी. मला फार अमेरिकन वाटली.

३ मे
सासऱ्यांचा फोन. मागं नुसतं बें-बें.
"अंगद्या! गाण्यात शिट्टी कोणी घातली?"
"मीच, दादा. का?"
"आरं, ती घराकडं वळवायची शिट्टी हाय! मोठ्यानं लावलं, तर सगळी फिरली की शेंद्र्याकडं!"
"मग बंद करा ना गाणं!"
"केलं. त्यांला कोण सांगणार?"
अंगदला वाटलं होतं, शिट्टी आतून आली. आतूनच आली होती!

६ मे
मेंढरं आडूळला पोचली, इथून दोन दिवसांची वाट. मी भरभर गातेय. अंगद म्हणतो, दुःख इतक्या घाईत नको.

८ मे
शेवटचं कडवं. दार ढकलून एक मेंढी आत. मग सगळ्या! मी गातच राहिले. त्या सुरात नव्हत्या, जोर मात्र चांगला. एकीनं माईक चाटला.
सासरे दारात, काठी खांद्यावर. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.
"व्हऊ द्या, सूनबाई. घाई नाय."
गाणं वाया गेलं. अंगद अजिजीनं म्हणाला, "दादा, चार दिवस मेंढरं बाहेर बसवता का?"
"बघू."

११ मे
सकाळी ट्रक आला. सासऱ्यांनी सगळी मेंढरं विकली. चराईची रानं कारखान्यांच्या कुंपणात गेली. वर्षभर मनात होतं म्हणे, आमच्याशी बोलले नाहीत.
अंगदला म्हणाले, "वाजव आता. बारा महिने रिकामंच हाय."
आज कोणी गायलं नाही.