कुणाला दिसता कामा नये

२ मार्च, रविवार
हॉइट लॅसिटर मुलीकडे टेक्ससला कायमचा निघाला. त्यामुळे रविवारी पिस्तूल बाळगून राखण करणाऱ्या आमच्या चर्चच्या सुरक्षा पथकात एक जागा रिकामी. पथकाचा मुख्य रॉइस, म्हणजे माझ्या बायकोचा, नेडीनचा, थोरला भाऊ. शेरीफच्या पोलीस खात्यातून निवृत्त झाला, पण मान अजून नोकरीत असल्यासारखी ताठ आहे. चर्चमधल्या दुपारच्या जेवणात उभा राहून त्याने जाहीर केलं की पथकातल्या माणसाचं पिस्तूल कपड्याआड असलं पाहिजे, कुणाला दिसता कामा नये. म्हणाला, ईस्टरपर्यंत दर रविवारी मी दारात उभा राहून बघणार. ज्याचं मला दिसणार नाही, तो पथकात.

जागा माझीच. दुसरं आहे कोण?

घरी येताना गाडीत नेडीनला सांगितलं. ती म्हणाली, पण तुझ्याकडे पिस्तूल कुठंय?

बायकांचं हे असं. मुद्द्याचं सोडून भलतंच काढायचं.

४ मार्च, मंगळवार
अभ्यास सुरू. अख्खी हयात गालिचे विकले, माल पारखणं माझ्या रक्तात आहे. आज दिवसभर व्हिडिओ पाहिले. निष्कर्ष: पॉलिमरचं, आटोपशीर, नऊ मिलिमीटर. पोलादी पिस्तूल दिवसभर कमरेला लावलं तर पँट गुडघ्यावर येते.

फोनवर रॉइसला सांगितलं. म्हणाला, प्लास्टिकचंच घ्यायचं तर पाण्याची पिचकारी घे, स्वस्त पडेल. जुन्या माणसांशी काय बोलायचं!

आता आकाराचा प्रश्न. लहान लपतं, पण हातात बसत नाही. मोठं हातात बसतं, पण लपत नाही. मधल्यात दोन्ही थोडं थोडं. निर्णय पक्का: मधलं.

संध्याकाळी: मधलं म्हणजे धरसोड. माणसाने ठाम असावं. निर्णय पक्का: मोठं.

८ मार्च, शनिवार
दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस पहिल्यांदा कमरेचं माप विचारतो. छत्तीस, मी म्हणालो. नेडीनला एकदम खोकला आला.

मोठं घेतलं. पंधरा गोळ्यांचं मॅगझिन. कमरेला आतून लावायचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, वेगळं. दरम्यान नेडीनने मधल्या आकाराचं, चपटं, उचललं, दोनदा हातात फिरवलं आणि म्हणाली, हे बघ, कसं बसतंय. तिला शांतपणे समजावलं की शस्त्र हे चप्पल घेतल्यासारखं पायात घालून घ्यायचं नसतं, त्यामागे विचार असतो.

काउंटरवरचा माणूस तिच्याकडेच बघत होता. माझ्याकडून शिकण्यासारखं बरंच होतं, पण लोकांना नको असतं.

९ मार्च, रविवार
पहिला रविवार. भजनाला उभं राहायचं, प्रार्थनेला बसायचं, परत उभं राहायचं. प्रत्येक बसण्याला पिस्तुलाची मूठ पोटात शिरते. पास्टरने पापाबद्दल सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून कळवळून आवाज निघाला. मागच्या बाकावरच्या बाईंना वाटलं मला साक्षात्कार झाला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

रॉइसने मी गाडीतून उतरतानाच ओळखलं होतं म्हणे. दारातूनच ओरडला, काय रे व्हर्जिल, कमरेला इस्त्री खोवून आलास काय! सगळे हसले.

दोष शर्टाचा. शिवाय हा सराव होता, खरी परीक्षा ईस्टरला. नेडीन म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. मी तिच्याशी जेवणापर्यंत बोललो नाही. जेवायला पोर्क चॉप होते म्हणून बोललो.

११ मार्च, मंगळवार
मोठं परत करून लहान घेतलं. दुकानदाराने अदलाबदलीत मला चांगलंच कापलं. असू दे. लहान इतकं लहान आहे की तळहातात झाकलं जातं. आता रॉइसने दुर्बीण आणावी.

आजपासून फक्त कोबीचं सूप. पोट गेलं की लपवायला जागाच जागा.

१५ मार्च, शनिवार
नेमबाजीच्या मैदानावर गेलो. हे लहान पिस्तूल फार उसळतं. अंगठ्याच्या बेचक्यात चांगलंच चावलं, पट्टी बांधलीय. निशाण्याच्या कागदाला इजा झाली नाही. पण विचार करा, एवढा आवाज ऐकून समोरचा माणूस तिथं थांबला असता का? कधीच पळाला असता. माझी पद्धत धाक बसवण्याची आहे.

नेडीन म्हणाली, मी एकदा बघू का? तिच्या गोळ्या सगळ्या एका बिस्किटाएवढ्या जागेत गेल्या. नवशिक्याचं नशीब. तिच्या बाजूला उजेडही चांगला होता.

तिथला शिकवणारा तिला म्हणाला, मंगळवारी बायकांचा वर्ग असतो, या. मी हसलो. मंगळवारी तिची रजया शिवायची मंडळी असतात, तिला कुठला वेळ!

१६ मार्च, रविवार
लहान पिस्तूल घोट्याला बांधलं. उत्तम लपतं. फक्त चालताना पाय थोडा फेंगडा पडतो.

दारातून आत जाईपर्यंत तिघींनी विचारलं, गुडघ्याला काय झालं? काही नाही म्हणावं तर फेंगडं चालण्याचं कारण सांगावं लागेल. म्हणालो, जुनं दुखणं आहे. तर पास्टरने व्यासपीठावरून, भर सभेत, माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. दोनशे माणसं डोळे मिटून माझ्या गुडघ्यासाठी. मीही मिटले. काय करणार?

बाहेर पडताना रॉइस कानाशी आला. म्हणाला, देव गुडघ्याचं बघेल, तू मोज्यातलं काढ.

१९ मार्च, बुधवार
गुडघ्यासाठी आतापर्यंत तीन घरांतून कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचे डबे, आले. एक टूना, दोन चिकन. परत पाठवणं बरं दिसत नाही. कोबीचं सूप पुढच्या आठवड्यापासून.

होल्स्टरांचा खण भरला. चामड्याचं, प्लास्टिकचं, घोट्याचं, काखेतलं, पोटावरचं. नेडीनला त्या खणात टेबलक्लॉथ ठेवायचे होते. तिला म्हणालो, पोलादासारखा निश्चय असेल तर खण लागतातच. तिने टेबलक्लॉथ कपाटात ठेवले.

२१ मार्च, शुक्रवार
सखोल अभ्यासाअंती शोध लागला. मधल्या आकाराचं, चपटं पॉलिमर, हेच खरं. मूठ हातात बसते, जाडी नावाला, मॅगझिनमध्ये गोळ्या पुरेशा. आज घेऊन आलो. लहान मोडीत गेलं.

नेडीन म्हणाली, पहिल्या दिवशी मी हेच हातात दिलं होतं. दिलं होतं, मान्य. पण तिने अभ्यास केला नव्हता. अंधारात दगड मारला आणि आंबा पडला, म्हणून काही माळी होत नाही कुणी.

२३ मार्च, रविवार
लपलं! पूर्णपणे. रॉइसने नुसती मान हलवली, म्हणाला, बरा आहेस? मी म्हणालो, बरा आहे. पुढे गेलो.

मग बाकावर बसलो आणि कसंतरीच वाटायला लागलं. माझ्या डावीउजवीकडे माणसं बसलीत, कुणाला पत्ता नाही की त्यांच्यामध्ये कोण बसलंय. मग उपयोग काय?

पिस्तुलाचं नावही काढलं नाही. पास्टरना फक्त म्हणालो, आज निर्धास्त बोला. पियानो वाजवणाऱ्या बाईंना म्हणालो, काही झालं तर माझ्या मागे या. गवत कापणाऱ्या वेन्डलला तर फक्त डोळा मारला.

जेवणाची रांग लागायच्या आत रॉइस आला. म्हणाला, चार जणांनी येऊन सांगितलं मला. व्हर्जिल, हत्यार कपड्यात लपतं, तोंडात नाही लपत. बाद.

बाद तर बाद. ईस्टरपर्यंत रविवार उरलेत. आणि तो चौथा कोण, हे मी शोधून काढणार आहे.

२५ मार्च, मंगळवार
घरी एकटाच. नेडीन रजईच्या मंडळीत.

खरं तेच लिहितो, इथं कोण वाचतंय! दुकान बंद केल्यापासून मला कुणी काही विचारत नाही. पूर्वी लोक बैठकीच्या खोलीचं माप घेऊन यायचे, रंग कुठला घेऊ विचारायचे. आता चर्चमध्ये माझ्याकडे घडीच्या खुर्च्या. मांडायच्या आणि उचलायच्या. रॉइस आत आला की बायका पोरांची काळजी सोडून निवांत गप्पा मारतात. मला तेवढंच हवंय. मी आत आलो आणि कुणाला तरी वाटलं, चला, हा आहे, आता काळजी नाही. फार मागतोय का मी?

पुरे. रडकथा नको. आजपासून मौन. ईस्टरपर्यंत पिस्तुलाविषयी चकार शब्द नाही.

१ एप्रिल, मंगळवार
मौन चांगलं चाललंय. वेन्डलला सांगितलं की मी मौन पाळतोय, कशाबद्दल ते सांगितलं नाही.

नेडीनने पोटाला गुंडाळायचा रुंद पट्टा मागवला. कंबर धरली असणार बिचारीची. रजया वाकून शिवतात ना. वय कुणाला चुकलंय! मी म्हणालो, जड काही उचलू नकोस. ती म्हणाली, जड नाहीये फारसं.

हल्ली पिस्तूलही तीच साफ करते. स्वच्छतेची आवड पहिल्यापासून. मीही करू देतो, दुपारची झोप मोडत नाही.

६ एप्रिल, रविवार
प्रार्थना, भजन, प्रवचन, सगळं निर्विघ्न. रॉइस दोनदा माझ्याभोवती फिरला, काही सापडलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, व्हर्जिल, वरच्या फळीवरचा कॉफीचा डबा काढून दे रे. हात वर केला. शर्टही वर गेला. समोर कॉफीवाल्या पाच बायका आणि त्यांच्यामागे रॉइस.

डबा इतक्या वर ठेवणाऱ्या माणसाची चौकशी झाली पाहिजे. एकानेही तो मुद्दा काढला नाही.

१३ एप्रिल, रविवार
मुद्दाम गेलो नाही. शत्रूला गाफील ठेवावं. पिस्तूलही घरीच विश्रांती घेतंय असं समजून दुपारी खण उघडला तर नव्हतं. घाबरलो. नेडीन चर्चहून आली, विचारलं, तर म्हणाली माझ्याकडे आहे. बरं झालं, साफसफाई आठवड्याच्या आठवड्याला व्हायला हवी.

१९ एप्रिल, शनिवार
उद्या ईस्टर. जय्यत तयारी. नवी पँट, चाळीस कमरेची, त्यात आत होल्स्टर, त्यात पिस्तूल, सगळं लावून पँट खुर्चीवर टांगून ठेवली. शर्ट फुलाफुलांचा, घोळदार. डबा कुणीही मागू दे, हात वर करणार नाही. तोंडाला कुलूप. रॉइस, तू संपलास.

२० एप्रिल, रविवार, ईस्टर
दुपारचे बारा. चर्चच्या स्वच्छतागृहात बसून हे घाईत लिहितोय, कारण असा क्षण पुन्हा येणे नाही. जिंकलो! रॉइसने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मिठी मारायच्या निमित्ताने पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, व्हर्जिल, आज खरंच काही दिसत नाहीये. मी एक अक्षर बोललो नाही. कमरेवर ओझं म्हणून जाणवत नाही. कोबीचं सूप शेवटी लागू पडलं. उत्तम होल्स्टर कसं असावं, तर लावणाऱ्यालाही कळू नये.

जेवणानंतर मागच्या खोलीत पथक जमणार, तिथे निकाल. नेडीन सकाळी कपाटाजवळून काहीतरी सांगत होती, मी भांग पाडत होतो, हो हो म्हणून टाकलं. आता तिला पहिली बातमी देतो.

संध्याकाळी: आज लिहायचं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
लिहितो. मी कुणाला भीत नाही.

मागच्या खोलीत पथकाचे सगळे होते, नेडीनही होती. मला वाटलं नवऱ्याचं कौतुक बघायला बोलावलीय. रॉइस म्हणाला, दाखव आता, कुठं लपवलंस. मी फुलांचा शर्ट झोकात वर केला. होल्स्टर होतं. आत काही नव्हतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग रॉइसने बहिणीकडे पाहिलं. तिने पाठ फिरवली, ड्रेसची बाजू जरा सावरली आणि माझं पिस्तूल, मी अभ्यास करून निवडलेलं, टेबलावर ठेवलं, मॅगझिन काढून, रिकामं करून. पोटाला गुंडाळायच्या त्या रुंद पट्ट्यातून काढलं. रॉइस म्हणाला, ही गेले दोन रविवार हे घेऊन माझ्यासमोरून आत गेली, एकदा तर मला मिठी मारून गेली, आणि मला, सख्ख्या भावाला, वास आला नाही. शिकवणाऱ्यानेही सांगितलंय की मंगळवारच्या वर्गात हिच्या तोडीची कुणी नाही. जागा हिची.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, एका हातात शर्ट होता तरी.

गाडीत नेडीन म्हणाली, अरे, मी तुला दर वेळी सांगत होते. सकाळीसुद्धा सांगितलं, आज काढून घेते म्हणून. तू हो हो म्हणालास. मी म्हणालो, मी हो हो म्हणतो त्याचा अर्थ हो असा कधीपासून व्हायला लागला? तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तोच गुडघा.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. पथकातलं पिस्तूल माझ्या निवडीचं आहे. निवड अचूक ठरली.

२७ एप्रिल, रविवार
पथकातल्या माणसाने बाकाच्या कडेला बसायचं, वाटेलगत, असा रॉइसचा नियम. लग्न झाल्यापासून कडेला मी बसत आलो. आज ती. मी आतल्या बाजूला. पियानोवाल्या बाई जाताजाता तिला म्हणाल्या, नेडीन, तू आहेस ना, मग काळजी नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, गुडघा कसा आहे?

प्रवचनाच्या मधेच वाऱ्याने मागचं दार धाडकन आदळलं. मी दचकलो नाही. नेडीनला धीर द्यावा म्हणून तिचा हात धरला, एवढंच. ती दाराकडे बघत होती. बघता बघताच हळूच म्हणाली, व्हर्जिल, हा हात मोकळा ठेवायचा असतो. तू पर्स धर.

पर्स धरली. दोन्ही हातांनी. प्रवचन संपेपर्यंत सोडली नाही. बघतोच, कोण घेतो ती माझ्याकडून.