करपलेली भाकरी

शहापूर, गुरुवार, २१ जानेवारी १९९९

आज हळदीकुंकवाला बायकांना माझी प्रेमकथा वाचून दाखवली. नायक देखणा, पुण्याचा इंजिनीयर. त्याच्या प्रेमपत्रांना त्या जांभया देत होत्या. मग सासूच्या नजरेला पडायच्या आत तो बायकोची करपलेली भाकरी गुपचूप आपल्या ताटात ओढतो, तिथे सगळ्या सरसावून बसल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "असा नवरा कुठं मिलतो गो?" मी नुसती हसले.

सांगायला काय झालं होतं मला? वाशिंदच्या कारखान्यात पाळीला जाणारे आमचे हेच ते. लग्नापासून करपलेली भाकरी हेच घेतात. पण ह्यांना नायक करायची मला लाज वाटली. भाकरी ह्यांची घेतली आणि तोंड दुसऱ्याचं लावलं.

संध्याकाळी काकींनी ह्यांना सगळी गोष्ट सांगून टाकली. आणि रात्री नेमकी एक भाकरी करपलीच. ह्यांनी नेहमीसारखी ती ओढून घेतली. सासूबाई पाण्याला उठल्या तेव्हा हळूच म्हणाले, "तुझ्या इंजिनेराच्या ताटात गुळाचा खडा तरी ठेव गो. करपलेली कडू लागते."

कडू लागत असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.