तोंडी व स्पष्ट संमती

प्रति,
मा. जोडणी निबंधक,
घरगुती इंटरनेट विभाग,
ग्राहक निवड कार्यालय
(खिडकी क्रमांक ४ मार्फत)

विषय : घरासाठी वेगवान इंटरनेट जोडणी निवडताना अर्जदाराच्या पत्नीने दिलेली तोंडी संमती ग्राह्य धरणे व तिच्या नावापुढील 'वाचा नाही' हा शेरा काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २ जूनचा विनंती अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. ११ जूनचे उत्तर : "पत्नीची वाचा सुधारल्यावर अर्ज करावा."

महोदय,

वरील विषयी सादर करण्यात येते की, अर्जदार हा चष्मे बनवणारा व दुरुस्त करणारा असून त्याचे दुकान तळमजल्यावर व दोन खोल्यांचे घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. घरात अर्जदार व पत्नी असे दोघेच राहतात. पत्नी अठ्ठावीस वर्षे बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर नोकरीस होती. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणि न विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे ती एका दमात देत असे. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात हळूहळू सावरला, पण वाचा गेली. तिला समजते सगळे. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथून माघारी फिरतो.

२. पत्नीस बोलायला शिकवणाऱ्या मॅडमची दुसऱ्या शहरात बदली झाली. त्यामुळे पुढील धडे मोबाईलच्या पडद्यावर घ्यावयाचे ठरले. परंतु अर्जदाराच्या घरातील मोबाईलच्या इंटरनेटला वेग असा नाहीच. मॅडमचा चेहरा 'आ' करून गोठत असे आणि 'आ' हा आवाज मोजून आठ सेकंदांनी येत असे. पत्नी एरवी कोणाचे सहजासहजी ऐकणारी नाही, परंतु या बाबतीत तिने शिकवलेले तंतोतंत उचलले. "चहा ठेवू का?" असे विचारले असता ती तोंड उघडी, तशीच स्तब्ध राही आणि आठ सेकंदांनी "हो" म्हणे. पुढे पुढे मधल्या वेळात ती तर्जनी हवेत गोल गोल फिरवू लागली. हे लक्षण कुठल्याही पुस्तकात नसल्याचे मॅडमनी कळवले. हे लक्षण आजाराचे नसून जोडणीचे आहे, असे अर्जदाराने त्यांस नम्रपणे कळवले व त्याच दिवशी आपल्या कार्यालयात येऊन नमुना 'क' भरला.

३. सदर नमुन्यात आमच्या भागात सेवा देणाऱ्या तीन कंपन्यांच्या नावांपुढे चौकोन होते. अर्जदाराने तिन्ही चौकोनांत खूण केली. हा दोष अर्जदाराच्या धंद्याचा आहे. डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी धरायची, आणि "ही स्पष्ट की ती?" असे विचारायचे, यात त्याची पस्तीस वर्षे गेली. तेव्हा तिन्ही पाहून मग ठरवू, एवढाच साधा विचार होता. नमुन्याची मागची बाजू त्याने वाचली नाही. मागे कलम ९ होते. त्यानुसार, ज्या कंपन्यांपुढे खूण आहे त्या सर्वांच्या प्रतिनिधींनी निवड होईपर्यंत कामाच्या दिवशी दहा ते पाच ग्राहकाच्या घरी हजर राहावे लागते, आणि घरातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीने सर्व प्रतिनिधींसमक्ष 'तोंडी व स्पष्ट' संमती दिल्याखेरीज निवड झाली असे धरता येत नाही. खिडकीवरील कारकुनांनी सांगितले, "काका, लोकांच्या गळ्यात कोणी काही मारू नये म्हणून केलंय हे. तुमच्याच भल्यासाठी."

४. त्यानुसार दि. २८ मे रोजी सकाळी दहाच्या ठोक्याला तिघे प्रतिनिधी हजर झाले. पहिले उंच गृहस्थ, डोक्यावर कंपनीची पिवळी टोपी. ती ते घरातही काढत नाहीत, कारण ती डोक्यावर असल्याचा फोटो कंपनी कधीही मागते. दुसऱ्या एक मध्यमवयीन बाई, हातात सदैव मिटलेली छत्री, तिचे टोक त्या माहितीपत्रकावर दाखवण्यासाठी वापरतात. तिसरे पन्नाशीचे, गच्चीवर अँटेना बसवून बिनतारी इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे. त्यांच्या खिशात टेप असल्याने अर्जदाराने त्यांचे नाव मोजणीदार ठेवले व पत्नीने त्यास मान डोलावली. मोजणीदार बोलताना अडखळतात. पहिले अक्षर त्यांना बराच वेळ सोडत नाही.

अर्जदाराच्या बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या व एक पलंग आहे. पत्नी खिडकीजवळच्या खुर्चीत, छत्रीवाल्या बाई दुसऱ्या खुर्चीत, आणि पिवळी टोपी व मोजणीदार पलंगावर, अशी बसण्याची व्यवस्था पहिल्या दिवशी झाली ती कायम राहिली. चौथ्या दिवसापासून ते डबे आणू लागले. सहाव्या दिवशी पिवळ्या टोपीने स्वयंपाकघरातील गळका नळ दुरुस्त केला. अर्जदाराची याबद्दल तक्रार नाही.

५. अर्जदाराने दि. २ जून रोजी अर्ज करून विचारले होते की, ज्या व्यक्तीस बोलताच येत नाही तिने तोंडी संमती कशी द्यावी? मान डोलावून चालेल काय? त्यावर आपले संदर्भ क्र. २ चे उत्तर आले. म्हणजे वाचा सुधारण्यासाठी धडे हवेत, धड्यांसाठी जोडणी हवी, आणि जोडणीसाठी आधी वाचा सुधारायला हवी. अर्जदाराने हे उत्तर चष्मा लावून व काढून, दोन्ही प्रकारे वाचले. त्याच उत्तराच्या कडेला आपल्या कार्यालयाने पत्नीच्या नावापुढे 'वाचा नाही' असा शेरा मारला, तो आजच्या तक्रारीचे मूळ आहे.

६. हे उत्तर अर्जदाराने तिघांस वाचून दाखवले. मग छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे काकू बोलल्याशिवाय आपली कोणाचीच सुटका नाही." त्या दिवसापासून तिघांनी पत्नीस बोलायला शिकवण्यास घेतले.

येथे नमूद करणे भाग आहे की प्रत्येकाने आपापल्या कंपनीपुरतेच शिकवले. पिवळी टोपी समोर उभे राहून "अ-म-र्या-द" हा शब्द इतक्या मोठ्याने म्हणत की खाली दुकानात गिऱ्हाइके वर पाहत. (अमर्याद म्हणजे नक्की किती, असे अर्जदाराने विचारले असता, त्याची मर्यादा पान चारवर दिली आहे असे ते म्हणाले.) छत्रीवाल्या बाईंनी स्वतःच्या पर्समधला आरसा पत्नीच्या हाती दिला व ओठ कसे मिटतात ते दाखवून कंपनीचे नाव म्हणून घेतले. मोजणीदारांची पाळी शेवटी येई. ते पत्नीच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसत आणि स्वतःच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरत. लहानपणी त्यांच्या आईने त्यांना असेच शिकवले होते: बोट खाली आले की अक्षर सोडायचे, वाट पाहायची नाही. पत्नीही डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर ताल धरू लागली. हवेत फिरणारे बोट तेव्हापासून थांबले. सायंकाळी पाचनंतर, तिघे गेल्यावरही, भाजी निवडताना तिचा ताल चालू असे. अर्जदार शेजारच्या खोलीत बसून ते ऐके व आवाज करीत नसे.

७. कामाच्या सतराव्या दिवशी, दि. १९ जून रोजी, दुपारी साडेतीनच्या सुमारास पुढीलप्रमाणे घडले. मोजणीदार आपल्या जोडणीबद्दल काही सांगू लागले होते. पहिल्या दिवसापासून ते जेव्हा जेव्हा सांगू लागत तेव्हा पिवळी टोपी किंवा छत्रीवाल्या बाई त्यांचे वाक्य पुरे करीत आणि मग तेथून आपल्या कंपनीकडे वळवीत. त्याही दिवशी मोजणीदार "स-स-स" वर असताना पिवळी टोपी म्हणाले, "समजलं, स्वस्त आहे म्हणायचंय तुम्हाला." छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, "नाही, सोपी आहे म्हणतायत." यावरून दोघांत बाचाबाची सुरू झाली.

पत्नी म्हणाली, "आधी त्यांना बोलू द्या."

हे चारही शब्द अखंड, स्पष्ट व विनाविलंब होते. अर्जदाराच्या हातातली कपबशी खाली पडली. ती जुनी होती. चौदा महिन्यांत त्याने पत्नीचे पूर्ण वाक्य ऐकले नव्हते, आणि जे ऐकले ते त्याला उद्देशून नव्हते, याचेही त्याला त्या क्षणी काही वाटले नाही.

मग मोजणीदार बोलले. त्यांना पंचवीस मिनिटे लागली. मध्ये कोणीही बोलले नाही. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आडवी येत असल्याने त्यांचा अँटेना या घरात चालणारच नाही. छत्रीवाल्या बाईंनी विचारले, "मग हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?" मोजणीदार म्हणाले, "सांगतच होतो."

८. उरलेल्या दोन कंपन्यांपैकी निवड करावयाची होती. अर्जदाराने दोन्ही माहितीपत्रके पत्नीपुढे धरली. वेग किती, राउटर कोठे बसणार, करार किती महिन्यांचा, हे अर्जदाराने वीस वेळा विचारून झाले होते. पत्नीने एकच विचारले. तिला वेळ लागला, बोट दोनदा दांड्यावर थांबले, पण वाक्य तिने पुरे केले: "माझा आवाज तिकडे जायला किती वेळ?"

हा प्रश्न सतरा दिवसांत कोणालाही सुचला नव्हता. सगळे बोलत होते ते घरात काय आणि किती वेगाने येईल याबद्दल. पिवळ्या टोपीने पान चार उघडले, पुन्हा मिटले, आणि खालच्या आवाजात सांगितले की येणारा वेग शंभर असला तरी जाणारा दहाच आहे. छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे येणारा आणि जाणारा सारखाच."

पत्नीने छत्रीवाल्या बाईंकडे हात करून "हीच. मला चालेल," असे तिघांसमक्ष म्हटले. पिवळ्या टोपीने स्वतः जबाबाचा कागद लिहून त्यावर पहिली सही केली. त्यांची टोपी त्या वेळी मांडीवर होती.

९. सदर संमती घेऊन अर्जदार दि. २० जून रोजी खिडकी क्रमांक ४ वर आला असता कारकुनांनी नोंदवही पाहून सांगितले की, ज्या व्यक्तीपुढे 'वाचा नाही' असा शेरा आहे तिने तोंडी संमती दिली असे कार्यालयास मानता येत नाही. "बोलल्या असतील काका, पण रेकॉर्डला त्या बोलत नाहीत." अर्जदाराने पत्नीस फोन लावून त्यांच्या कानाला लावला. पत्नी त्यांच्याशी चार मिनिटे बोलली. कारकून ऐकताना दोनदा "हो मावशी" म्हणाले, मात्र फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितले की फोन हा लेखी पुरावा नाही. परिणामी तिघे प्रतिनिधी आजही दहा ते पाच येत आहेत. ज्यांचा अँटेना चालणारच नाही ते मोजणीदारही येतात, कारण कलम ९ मध्ये टाकीचा उल्लेख नाही.

१०. तरी मायबाप कार्यालयास विनंती की,
(अ) पत्नीच्या नावापुढील शेरा काढून टाकण्यात यावा;
(आ) दि. १९ जूनची संमती ग्राह्य धरून जोडणीचा आदेश व्हावा;
(इ) पिवळी टोपी यांच्या घरी वडील आजारी असल्याने निदान त्यांना तरी उपस्थितीतून मोकळे करावे;
(ई) मोजणीदारांनी आदेशानंतरही मंगळवारी व शुक्रवारी यावे असे पत्नीचे म्हणणे आहे; त्यास कार्यालयाची हरकत नसावी;
(उ) पडताळणी करावयाची झाल्यास ती कागदावर न करता एखाद्या कर्मचाऱ्यास घरी पाठवून करावी. येणाऱ्याने कृपया पूर्ण दिवस राखून यावे. पत्नीचे चौदा महिन्यांचे बोलायचे राहिले आहे, आणि अर्जदारास दुकान उघडावे लागते.

आपल्या खिडकीशी पुन्हा एकदा उभा असलेला,
नम्र अर्जदार
(सही)
चष्मेवाले, तिसरा मजला
दि. २३ जून

सोबत :
१. नमुना 'क' ची प्रत, दोन्ही बाजू.
२. तिन्ही प्रतिनिधींच्या सहीचा जबाब.
३. समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीचे छायाचित्र, मोजणीदारांनी काढलेले, मापांसह.
४. पत्नीचे लेखी निवेदन जोडलेले नाही. त्याबाबत विचारले असता, "लिहून कशाला द्यायचं, मी सांगते की," असे ती म्हणाली.