जिवंत असल्यास बाद

हेमलॉक बे, मिशिगन
जानेवारी संपत आला, १९८३

चि. रेनो यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (वर चिरंजीव लिहिलंय ते सवयीनं. ते खरं की खोटं हाच इथला सगळा वाद आहे, पण त्याकडे मी माझ्या चालीनं येईन.) तुझे गुडघे, तुझा दमा आणि तुझ्या त्या पत्र्याच्या घराचं छप्पर, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालते. माझं विचारशील तर दोन दात सोडले तर मी पूर्ण आहे. मांजर बरं आहे. नाताळात तुझी संत्र्यांची पेटी आली नाही. त्याबद्दल मी काही बोलत नाही. इतकी वर्षं आली म्हणून यंदाही यायलाच हवी असा काही कायदा नाही. कपाटावरची जागा मी रिकामी करून ठेवली होती, तिथे आता मांजर झोपतं, आणि मांजराला ती आवडलीय. तेव्हा तो विषय संपला.

इकडे बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलाय. सरोवर गोठलंय. वर पांढरं, खाली पांढरं, मधली रेघ कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्यासारखी. मासे धरायला बसणाऱ्यांच्या झोपड्या बर्फावर तरंगल्यासारख्या दिसतात आणि दुपारभर त्यांच्याकडे बघत राहिलं की आपणही थोडे तरंगायला लागतो. अशा दिवसांत बाया विणकाम करतात. पुरुषांना तेवढी अक्कल दिलेली नाही, म्हणून ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन मेलेल्या माणसांचं बेसबॉल खेळतात.

तू हसशील, पण हे खरं आहे. सहा जण आहेत. माझा जावई आर्न, टपाल वाटून झालं की येतो. लिओ बोड्री, ज्याच्या काळ्या गाडीतून गावातला प्रत्येक जण शेवटी एकदा फुकट फिरून येतो. पास्टर हकाला. आणि आणखी तिघे, ज्यांना मी नावं ठेवली आहेत पण ती पत्रात लिहिण्यासारखी नाहीत. (माझ्याकडेच का, तर माझी चूल लाकडाची आणि वेलदोड्याचा पाव माझा. माझ्या मुलीनं स्वतःच्या घरातून त्यांना हाकललंय. तिची आई मीच, तरी तिला शहाणपण कुठून आलं कळत नाही.) खेळ असा, की आर्न एका जाड पुस्तकातून जुन्या खेळाडूंचे आकडे काढतो आणि प्रत्येकाचं एक कार्ड लिहितो. मग हे सहा जण पाळीपाळीनं कार्डं उचलतात, आपापले संघ करतात आणि फासे टाकतात. दान पडलं की कार्डावर बघायचं, त्या माणसानं फटका मारला की हात हलवत परत गेला. माणूस आयुष्यात जसा खेळला तसाच कार्डावर खेळतो. कुणी नव्वद वर्षांपूर्वी मिशा वाढवून खेळलेला, कुणी परवाचा, सगळे माझ्या टेबलावर एकाच दुपारी. चुलीवर कॉफी उकळते, काचेवर वाफ धरते, पास्टर डोळे मिटून नावं पुटपुटतात, आणि तुला सांगते, कधीकधी मलाही वाटतं की माझ्या फरशीवर गवत उगवलंय आणि ही माणसं त्यातून पळताहेत. मग कुणीतरी साखर सांडतं आणि ते जातं.

आता तुझा संबंध. गेल्या हिवाळ्यात लिओनं तुला उचललं. शेवटच्या फेरीत, सगळ्यांची चांगली कार्डं संपल्यावर, हा मेला म्हणतो, "मी रेनो कांगास घेतो." सगळे हसले. मी जास्त हसले. पण लिओनं पुस्तक नीट वाचलं होतं. तू मोठ्या लीगमध्ये नऊच सामने खेळलास, लढाईच्या साली, खरे खेळाडू सैन्यात गेले म्हणून. अकरा वेळा बॅट हातात घेतलीस, सहा वेळा चेंडू मारलास, मग घसरताना घोटा मोडून घेतलास आणि परत येऊन लाकडं तोडायला लागलास. वाईट खेळायला तुला वेळच मिळाला नाही! त्यामुळे कार्डावर तू देव झालास. दान काहीही पडो, रेनोचा फटका. महिनाभर तू या टेबलावर मोठमोठ्या नावांची धूळधाण केलीस आणि आर्न रात्री झोपेत तुझं नाव घ्यायला लागला.

म्हणून यंदा कार्डं उचलायच्या आधी नियम करायची सभा भरली. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही. मी मांसबटाट्याच्या करंज्या करत होते आणि मला त्यात पडायचं नव्हतं. (पडले. माझं घर, म्हणून मला एक मत आहे. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला दुसरीकडे कुठे मत विचारतात?)

आर्न उभा राहून म्हणाला, "पन्नास सामने. पन्नासाच्या खाली एकालाही घ्यायचं नाही. नऊ सामने खेळलेला माणूस म्हणजे काय माणूस आहे?" मग माझी आठवण झाली. "आई, तुम्ही राग मानू नका."

"राग कसला?" मी म्हटलं. "त्याला मी न्हाऊ घातलंय. माणूस कसा आहे ते मला ठाऊक आहे."

"हरलास म्हणून नियम करतोस होय रे, रडूबाई!" लिओ म्हणाला.

पास्टर डोळे मिटूनच म्हणाले, "ज्याला थोडंच मिळालं, त्याच्याकडून तेही काढून घ्यायचं, आर्न?"

"पास्टर, हे चर्च नाही."

"चर्चमध्ये एवढी गर्दी होत असती तर मी इथे आलो असतो का?"

मग पास्टरांनी त्यांचा नियम मांडला. जिवंत माणूस नको. त्याला कारण आहे. गेल्या मार्चात पलीकडच्या गावातला एक म्हातारा, जो तरुणपणी मोठ्या लीगमध्ये चेंडू टाकायचा, त्याला कुणी चहाडखोरानं सांगितलं की आयलीबाईंच्या स्वयंपाकघरात तुला धुधू धुतला. तो गाडी हाणत आला, कोट न काढता टेबलाशी बसला आणि म्हणाला, पुन्हा टाका फासे. अंधार पडेपर्यंत टाकायला लावले. जिंकल्याशिवाय उठेना. माझा आख्खा पाव त्यानं संपवला आणि जाताना म्हणाला की वेलदोडा कमी आहे. "मेलेला माणूस आपल्या कार्डावर समाधानी असतो," पास्टर म्हणाले. लिओ म्हणाला की त्याचाही धंद्यातला अनुभव हाच आहे, आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही. आणि लगेच त्यानं नियमाला शेपूट जोडलं: मेलेले सगळे आत, मग एकच सामना का खेळलेला असेना, जिवंत सगळे बाहेर.

आर्न टाळी वाजवून ओरडला, "मग रेनोमामा बाहेरच!"

"का म्हणून? पुस्तकात बघ की," लिओ म्हणाला.

त्या पुस्तकात प्रत्येकाच्या नावापुढे जन्माची तारीख असते, मग मरणाची. तुझ्यापुढे जन्म आहे, मग एक आडवी रेघ, आणि मग कोरा कागद. आर्न म्हणाला, कोरं म्हणजे जिवंत. लिओ म्हणाला, कोरं म्हणजे कुणी कळवलेलं नाही, आणि त्याच्या धंद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग सगळे माझ्याकडे वळले, ते तिघेसुद्धा, तोंडात घास तसाच ठेवून.

"आयलीबाई, आहे ना तो?" लिओनं विचारलं.

"आहे."

"कशावरून?"

"इतका आळशी माणूस एवढं मोठं काम माझ्या मदतीशिवाय उरकायचा नाही."

हसले सगळे. तेवढ्यावर मिटलं असतं. पण आर्न, जो टपाल वाटतो आणि ज्याला माझ्या दारात काय आलं नि काय नाही ते माझ्याआधी कळतं, तो गाढव बोलून गेला, "पण आई, यंदा ती पेटी..." आणि थांबला. चुलीत एक लाकूड खाली बसलं. लिओनं फासे खिशात घातले, ते माझे होते.

मी बटाट्यांकडे वळले. खिडकीबाहेर बर्फ पडत होता, सरळ, घाई नसल्यासारखा. आणि बघता बघता त्या पांढऱ्यात मला तू दिसलास, अगदी लांब, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला. मी तुला खेळताना कधी पाहिलेलं नाही, तेव्हा कसा दिसलास विचारू नकोस. मी फक्त ऐकलंय. त्या उन्हाळ्यात पायरीवर मटार सोलत बसले होते, रेडिओ खिडकीत, आणि सरोवरावरून आवाज लाटांसारखा आत-बाहेर होत होता. तो बोलणारा माणूस तुझं आडनाव दर वेळी वेगळं घ्यायचा. मग म्हणाला, मारला, उंच मारला, चेंडू जातोय, मागे, अजून मागे, आणि तेवढ्यात वीज चमकली आणि नुसती खरखर. मी बराच वेळ वर बघत बसले होते. (मटार वाया गेले नाहीत. सोलून झालेच होते.) माझ्यापुरता तो चेंडू अजून खाली आलेला नाही. कधी अशा पांढऱ्या दुपारी मान वर केली की वाटतं, असेल तिथेच कुठेतरी, पावसापाण्यात, एवढ्या वर्षांत शिवण उसवली असेल.

असो. मग मतं घेतली. तिघे पन्नासाच्या बाजूला, तिघे मेलेल्यांच्या. माझं मत मी मेलेल्यांना दिलं. आर्नचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, सख्ख्या सासूनं लिओला मत द्यावं म्हणजे काय! पण तो बर्फाचे बूट न काढता आत आला होता, तेव्हा त्यानं माझ्याकडून दुसऱ्या कशाची अपेक्षा करू नये.

इकडचं बाकी सगळं ठीक. पत्र लांबलं, शाई आर्नची आहे. जपून राहा, छपराखाली झोप, आणि शेजारणीशी भांडू नकोस.

तुझी बहीण,
आयली

ता. क. सोबत एक पोस्टकार्ड जोडलंय, तिकीट लावलेलं. त्यावर 'आहे' एवढं लिहून टाक, की तू नियमानं बाद. लिओ म्हणतो, अक्षर तुझंच हवं. ते मी ओळखेन, कोंबडी शाईतून चालल्यासारखं. कार्डं उचलायचा दिवस फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. तोवर काही आलं नाही तर लिओ पहिल्याच फेरीत तुझं नाव घेणार आहे. मी त्याला बजावलंय, नाव घेतलंस तर या घरात कॉफी बंद. तो म्हणाला, "तरी घेईन, बाई. कुणीतरी त्याला खेळवायला हवं." मुडदा मेला! (त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्या धंद्यात ते हाताशी ठेवावं लागतं.)

ता. क. दुसरा. बुटांचं लिहिलं ते खरं आहे, पण मत त्यासाठी दिलं नाही. आर्नच्या पन्नासाच्या नियमात तू जिवंत असलास काय नि नसलास काय, सारखंच. एकदा बाद म्हणून लिहिलं की पुन्हा कुणी तुझी चौकशी केली नसती. दुसऱ्या नियमात निदान विचारावं तरी लागतं. आर्न म्हणतो, तिकडच्या पोलिसांना फोन करून दार ठोठावायला सांगतो. (तुझा फोन तू काढून टाकलास ही अक्कल तुझीच.) मी नको म्हटलं. पोलीस लगेच उत्तर देतात.

ता. क. तिसरा. त्या चेंडूचं पुढे काय झालं ते कळवू नकोस. संत्रीही नकोत. पाठवलीसच तर लहान पाठव, मांजराला जागा लागते.

ता. क. शेवटचा. आर्न टपाल घेऊन दुपारी येतो. मी काही दारात उभी नसते. खिडकीशी बसते, बटाटे सोलायला तिथे उजेड बरा पडतो. या आठवड्यात बटाटे जरा जास्तच सोलले गेलेत.