कोल्बीचं कोपर

हार्लन फोर्क, ओहायो
रविवार, १२ ऑक्टोबर

आदरणीय रसेल मामांस, भाचा लायल याचा टोपी काढून नमस्कार.

इकडे सगळे जिवंत आहेत. आईची, म्हणजे तुमच्या बहिणीची, पाठ आहे तशीच आहे. तुमच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवावं. नॉर्थ डकोटात आतापासून बर्फ पडतं असं ऐकतो, तेव्हा तेलविहिरीवर जाताना मोजे दोन-दोन घालत जावेत. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तुमच्या फोनमधली निरोपांची जागा जुलैपासून भरलेली आहे असं एक बाई सांगते. फार अदबीने सांगते. मी तिला आजवर अकरा वेळा ऐकलं, आता तिचा आवाज तुमच्या आवाजापेक्षा ओळखीचा वाटतो. म्हणून पत्र. (कॉलेज मी एका सत्रात सोडलं असलं तरी अवघड शब्द शब्दकोशात बघून लिहिले आहेत. चूक सापडल्यास ती घाईची समजावी, अज्ञानाची नव्हे.)

तुमचं ऑगस्टमधलं कार्ड मिळालं होतं. त्यावर दोन वाक्यं होती. पहिलं : ‘पोरगा कसा फेकतोय?’ दुसऱ्याकडे मी नंतर येतो. पहिल्याचं उत्तर सविस्तर देतो, कारण थोडक्यात दिलं तर फारच वाईट दिसेल.

हंगामाची सुरुवात झकास झाली. तुमचा मुलगा कोल्बी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकायचा तो त्यानेच, आणि आपल्या शाळेची फुटबॉल टीम, म्यूल्स, पहिले तिन्ही सामने जिंकलेली, असं हार्लन फोर्कने नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. मेन स्ट्रीटवरच्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर कोल्बीचा बारा नंबर नारिंगी रंगात झळकत होता. तो रंग आमच्याच हार्डवेअरच्या दुकानातला, मी स्वतः थेंब मोजून मिसळलेला, त्यामुळे सगळ्या काचांवर एकसारखा. टपालातून निवृत्त झालेले विर्जिलकाका तर म्हणत होते की हा पोरगा मोठ्या विद्यापीठाकडून खेळणार, आणि आपण त्याला लहानपणी कुत्र्यापासून वाचवलं होतं. (कुत्रा विर्जिलकाकांचाच होता, हे ते सांगत नाहीत.) मग चौथ्या सामन्यात कोल्बीने तीन चेंडू नेमके समोरच्या पोरांच्या हातात फेकले, आणि शनिवारी सकाळी अर्लीनच्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल न्यायनिवाड्याला बसलं.

तुम्हाला ते टेबल माहीत आहे. तिथे बसणाऱ्यांपैकी एकालाही आयुष्यात क्वार्टरबॅक म्हणून कोणी उभं केलेलं नाही, त्यामुळे त्यांची मतं अनुभवाने बिघडलेली नाहीत. मर्ल न्हावी म्हणाले, “खांदा लवकर उघडतोय त्याचा.”

“उघडायला दार आहे का ते?” विर्जिलकाका. “पाय बघ, पाय! मुंग्या चढल्यासारखा नाचतोय मेला.”

मर्लनी उकडलेलं अंडं हातात घेऊन बरोबर फेक कशी असते ते करून दाखवलं. अंडं शेजारच्या टेबलावर पास्टरसाहेबांच्या लापशीत गेलं. अर्लीन कॉफी ओतता ओतता म्हणाली, “तुमच्या हातचा चुरगळलेला कागद वीस वर्षांत एकदा माझ्या टोपलीत पडलेला नाही, आणि त्या लेकराला शिकवायला निघालात!” पण अर्लीनचं तिथे कोणी ऐकत नाही, ती फक्त हॉटेलची मालकीण आहे.

आता मामा, मी दोन वर्षं दर शनिवारी त्या टेबलाजवळ, कॉफीच्या यंत्राला टेकून उभा राहत होतो. मला कोणी बस म्हटलं नव्हतं, आणि न सांगता बसणारा मी नव्हे. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, “कोपर दोन इंच खाली येतंय.” विर्जिलकाकांनी पायाने एक खुर्ची ओढली आणि म्हणाले, “तू कोल्बीच्या आईचा, डार्लाचा, भाचा ना रे? बस, बस. वहीत लिहून ठेवतोस म्हणे सगळं. दाखव बघू.” मी बसलो. खुर्चीचा एक पाय आखूड होता, पण मी हललो नाही.

दुपारपर्यंत गावात दुसरा विषय उरला नव्हता. पेट्रोलपंपावर कोपर, बँकेच्या खिडकीशी कोपर. जे लोक एकमेकांशी पाण्याच्या टाकीच्या भांडणापासून बोलत नव्हते, ते कोपराच्या निमित्ताने बोलू लागले.

गुरुवारी चर्चच्या सभागृहात पोरांना सामन्याआधीचं जेवण असतं. तुम्हीही त्या रांगेतून ताट घेऊन गेला आहात, आणि वाढायला गावातले समर्थक असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या काळी ते नुसतंच वाढत असत की काय, मला माहीत नाही. हल्ली प्रत्येक डावाबरोबर एक सल्ला पडतो. कुस्करलेल्या बटाट्यांपाशी विर्जिलकाका : “कोपर, बाळा, कोपर.” त्यावर कोंबडीच्या शेवया ओतताना मर्ल : “पुढचं पाऊल आखूड टाक, ढांग टाकू नकोस.” फरसबीपाशी (फरसबी कोणी घेत नाही, त्यामुळे तिथे वेळ भरपूर असतो) चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ऑक्सलीबाई : “चेंडू असा आवळू नये रे राजा. चिमणीचं पिल्लू धरावं तसा धर.” कोल्बी प्रत्येकाला ‘हो काका’, ‘हो काकू’ म्हणत पुढे सरकत होता. तुमच्या मुलाला वळण चांगलं लागलं आहे, मामा. कोणी लावलं ते मी विचारत नाही. शेवटी गोड म्हणून ठेवलेल्या भोपळ्याच्या ‘पाय’पर्यंत पोचला तेव्हा त्याच्या ताटात अकरा सल्ले जमले होते, आणि खायला बसल्यावर त्याने पहिला घास उचलला तोच मुळी कोपर कानापाशी नेऊन.

रांगेत शेवटी, पावांच्या टोपलीपाशी, मी होतो. माझा सल्ला तोंडी नव्हता. तोंडी सल्ला माणूस विसरतो. मी नऊ मुद्द्यांचं एक कार्ड तयार केलं होतं, अक्षर बारीक पण स्वच्छ, वर प्लास्टिक चढवलेलं, आणि त्याच्या मनगटपट्टीवरच्या खिडकीत बसेल अशा मापाचं. पट्टी मागून घेऊन मी ते स्वतः बसवून दिलं. सराव करताना बघ आणि सामन्याआधी काढ, असं त्याला बजावलं. धावताना सरकू नये म्हणून मागे दुहेरी चिकटपट्टी लावली, दुकानातली, आरसे भिंतीला चिकटवायला लोक नेतात ती.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. त्या खिडकीत कोचच्या चाली लिहिलेल्या असतात. कोच पटरबॉ मैदानाबाहेरून बोटं दाखवतात, कोल्बी मनगटावर त्या नंबरची चाल वाचतो आणि पोरांना सांगतो. चाली एक ते नऊ. माझे मुद्देही एक ते नऊ.

शुक्रवारी पाइन रिजविरुद्ध सामना सुरू व्हायच्या आधी त्याने कार्ड काढून पाहिलं, नखाने, दाताने, शेवटी कोणाच्या तरी किल्लीने. निघालं नाही. (पट्टी उत्तम प्रतीची होती. आम्ही दुसरी ठेवत नाही.) सहा चाली त्याला पाठ होत्या, तेवढ्यावर त्याने सामन्याचा पहिला पाव भाग कसाबसा काढला. मग कोचनी सात बोटं दाखवली. सातवी चाल त्या आठवड्यात नवी होती. कोल्बीने मनगटाकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं : ‘तोंडाने श्वास सोड.’ त्याने सोडला असावा. मग मनाने काहीतरी सांगितलं. आमची पाच धिप्पाड पोरं डावीकडे धावली, चेंडू घेऊन कोल्बी उजवीकडे गेला, आणि तिथे पाइन रिजची चार पोरं पाहुण्याची वाट बघावी तशी उभी होती. पुढे कोचनी नऊ बोटं दाखवली. माझा नववा मुद्दा असा : ‘शंका आल्यास पुन्हा एकपासून वाच.’ चौतीस-सहा हरलो. मध्यंतरानंतर कोल्बी बाकावर होता, आणि ब्रॅन्टली नावाचं पंधरा वर्षांचं पोर आत. यापुढेही तेच आत असणार.

काल शनिवारी टेबलाचा निकाल लागला : ब्रॅन्टलीचं कोपर सोन्याचं. “असं कोपर शिकवून येत नाही, जन्माला यावं लागतं,” असं मर्ल म्हणाले. विर्जिलकाकांनी त्यालाही लहानपणी कुत्र्यापासून वाचवलं होतं असं निघालं. काचांवरचे बारा नंबर पुसले गेले आणि आठ नंबरासाठी लोक आमच्या काउंटरवर रांगेत उभे राहिले. रंग तोच. मीच मिसळला. तेवढेच थेंब, मोजून.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी टेबलावर सांगितलेली नाही. परवा रात्री, सामन्यानंतर, मी वही आणि सगळ्या सामन्यांचे फोटो समोर घेऊन पट्टीने मोजलं. कोल्बीचं कोपर पहिल्या सामन्यापासून होतं तिथेच आहे. जिंकताना तिथेच, हरताना तिथेच. बदललं ते एवढंच, की तिसऱ्या सामन्यात एमेटचा घोटा मोडला. एमेट म्हणजे कोल्बीच्या डाव्या अंगाला उभा राहून त्याची पाठ राखणारा डोंगर. त्याच्या जागी जो मुलगा आला तो समोरून कोणी धावत आलं की सभ्यपणे बाजूला होतो. म्हणजे चेंडू फेकायला कोल्बीला पूर्वी जेवढा वेळ मिळे त्याच्या निम्मा मिळतो. हे वहीत होतं. कोणालाही दिसलं असतं. पण हे सांगायचं तर आधी कोपराचं खोटं होतं असं सांगावं लागलं असतं, आणि मग मला त्या खुर्चीवरून उठावं लागलं असतं. म्हणून मी कॉफी प्यालो.

आणि दोन इंच कुठून आले, हेही सांगतो. मी काही मोजलं नव्हतं. ते तुमच्या कार्डावरचं दुसरं वाक्य होतं : ‘त्याला म्हणावं, कोपर वर ठेव.’ दोन इंच मी माझ्या पदरचे घातले, बाकी सल्ला तुमचा. तुम्ही यंदा त्याची एकही फेक पाहिलेली नाही. गेल्या वर्षीही नाही. चार वर्षांपूर्वी ‘एका हंगामापुरता जातो’ म्हणून गेलात, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि त्याचं कोपर तुमच्या कमरेला लागत होतं. पंधराशे मैलांवरून दोन सेंटचं वाक्य टाकलंत, मी ते उचललं, गावाने ते शेवयांवर वाढलं, आणि पोराने ते ‘हो काका’ म्हणून खाल्लं. दोष वाटायला बसलो तर माझा वाटा मोठा आहे, हे मी मान्य करतो. पण तुमचं ताट रिकामं राहणार नाही.

डार्लामामीने बजावलं आहे की तुम्हाला इकडे येण्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस. म्हणून मी त्याबद्दल काही लिहीत नाही.

गुडघ्याला शेक देत जावा.

तुमचा, अजूनही आदर बाळगणारा भाचा,
लायल

ता. क. (बुधवार. पत्र अजून टपालात टाकलेलं नाही.) चिकटपट्टीबद्दल कोचनी विचारलं तेव्हा कोल्बीने सांगितलं, “कार्ड मीच बनवलं, मीच लावलं.” माझं नाव घेतलं नाही. हे मला एमेटकडून कळलं. काल मी कोचकडे गेलो आणि खरं काय ते सांगितलं, कोपराचं आणि एमेटच्या घोट्याचंही. कोच म्हणाले, “घोट्याचं मला माहीत नाही असं वाटलं का तुला? पण त्या टेबलाला काहीतरी चघळायला लागतं, नाहीतर ते मला चघळतात.” नंतर टेबलावरही तेच सगळं सांगितलं. मी आता पुन्हा यंत्राला टेकून उभा असतो. तिथे कॉफी आधी मिळते.

ता. क. दुसरा. शुक्रवार, २४ तारीख, संध्याकाळी सात. गावातला शेवटचा सामना, म्हणजे शेवटच्या वर्षाची पोरं आईवडिलांचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात तो दिवस. कोल्बी खेळणार नाही, पण चालणार आहे. माइकवर नावं वाचण्यासाठीचा कागद त्याने माझ्याकडे भरायला दिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. ‘आई’समोर मी मामीचं नाव लिहिलं. ‘वडील’समोर थांबलो आणि म्हटलं, “इथे माझं लिहू का? मी येईन तुझ्या डाव्या बाजूला. कोणी काही म्हणणार नाही.” तो म्हणाला, “नको दादा. त्यांचं लिही.” मी म्हटलं, “आणि ते आले नाहीत तर?” तो म्हणाला, “मग गावाला ऐकू दे.”

ता. क. तिसरा. मी लिहिलं. शाईने. रसेल ॲल्विन होस्टेटलर, पूर्ण नाव, अचूक. कागद कोचकडे पोचला आहे. माइकवर यंदा बड स्नाइव्हली आहेत, गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारे. नाव वाचल्यावर माणूस पुढे आला नाही की ते पुन्हा वाचतात, मग आणखी एकदा. एकदा, दोनदा, तीनदा. मुद्दाम नव्हे, त्यांना दुसऱ्या तऱ्हेने थांबताच येत नाही.