कांताभाभीची सुई

प्रिय आत्या,

माझ्या मूलभूत हक्कांची पायमल्ली झाली आहे, म्हणून लिहितोय. काल संध्याकाळी चिखलोलीच्या नव्या फ्लॅटची चावी घ्यायला निघालो, तर शर्टाचं नेमकं पोटावरचं बटण तुटलं. घरातलं सगळं खोक्यांत बंद. शेजारी कांताभाभीकडे सुई मागितली. आपल्या या कॅम्प दोनच्या वस्तीत गल्लोगल्ली शिलाई मशीनं खडखडतात, आणि एका सभ्य नागरिकाला सुई मिळू नये?

भाभीने कानांना हात लावले. "दिया-बत्ती हो गई ना! टाइम देखके माँगो." आणि दार लावता लावता म्हणाली, "वैसे भी, तुम्हारी आत्या की तरफ मेरी एक बाकी है."

शेवटी पोटावर पिशवी धरून चावी घेतली. पिशवीत रोकड आहे असं वाटून बिल्डरचा माणूस फार आदराने वागला.

आज भरदुपारी लिहितोय, म्हणजे तो शब्द बिनधास्त लिहिता येईल. सुई.

दिवेलागण झाली की तू तो उच्चारायची नाहीस. खालच्या दुकानाचे परकर शिवायचीस तू, आणि धंद्याच्या हत्याराचंच नाव घ्यायचं नाही! मग संध्याकाळपासून सुईची 'टोचरी' व्हायची. "पम्या, टोचरी दे रे. हातात नको, खाली ठेव." मी विचारायचो, "नीडल म्हटलं तर चालेल का?" तू म्हणायचीस, "दिवा लागला की देवालाही इंग्रजी येतं, मेल्या!"

तुझ्याशी वाद घालून कोण जिंकलंय?

माझी चिऊ तेव्हा तीन वर्षांची. गादी उसवली म्हणून तू कांताभाभीकडून लांब सुई आणलीस, टाके घालताना कुणी हाक मारली म्हणून उठलीस, परत आलीस तर सुई नाही. चिऊ त्याच गादीवर उड्या मारत होती. पाठीवर पडली, रडली. कमरेशी मुंगी चावल्यासारखा ठिपका होता. तू हळद लावलीस आणि पुन्हा गादी चाचपायला लागलीस. सुई गादीतच असणार, आणखी कुठे जाणार?

दोन दिवसांत पोरीला ताप भरला. वाकेना. मग उभीच राहीना. इथल्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे दिवसभर तपासण्या झाल्या, आणि संध्याकाळी एमआरआय करायचं ठरलं.

मशीनवाल्याने विचारलं, "बच्ची के बदन में कोई लोहा? पिन, क्लिप?" ते लोहचुंबकाचं मशीन. अंगात लोखंड असलं तर ते खेचलं जातं, आणि जाताना वाटेत काय आहे ते बघत नाही. मी नाही म्हणालो. चिऊची आई नाही म्हणाली. तू तिच्या चपला हातात घेऊन उभी होतीस.

"टोचरी," तू पुटपुटलीस. "हरवलीय ना, ती."

"क्या बोल रही हैं माताजी?"

तू खिडकीकडे पाहिलंस. बाहेर दिवे लागलेले होते. आणि मग ओरडलीस, "सुई! अहो, सुई! गादीतली सुई गेलीय पोरीत! थांबवा ते!"

पॅसेजमधली सगळी माणसं वळली. जन्मभराचं पथ्य तू तिथे, सगळ्यांदेखत, मोडलंस.

मग एक्स-रे काढला. कण्यात घुसलेली एक पांढरी रेघ. टोक पायांकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्यात. मेंदूच्या सर्जनबाई म्हणाल्या, "नुसती ओढली तर नसा फाटतील. ठेवली तर पू वर मेंदूपर्यंत जाईल. मागून थोडं हाड काढून, बघत बघत सोडवावी लागेल."

"पण चालेल ना?" तू विचारलंस.

"ते आत्ता सांगत नाही, आजी."

खोटा धीर न देणारी ती बाई तुला एकदम पसंत पडली. घरी आम्हा कुणाला तसं बोलायची कधी मुभा होती?

ऑपरेशन लांबलं. बाई बाहेर आल्या, त्यांच्या हातातल्या छोट्या डबीत सुई होती. अख्खी. नसा वाचल्या होत्या, वरचं पातळ आवरण शिवलं होतं. चिऊचे दोन्ही अंगठे हलत होते. चिऊची आई रडत होती, मी भिंतीला टेकलो होतो. आणि तू काय विचारलंस?

"टाका कसा घातलात?"

"बारीक."

"दोरा फार ओढला नाहीत ना? गोळा येतो."

"नाही आला," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

"बरं. मग ती इकडे द्या. माझी नाही, शेजारणीची आहे. परत करायचीय."

सर्जनबाई इतक्या मोठ्यांदा हसल्या की आतून नर्स डोकावली. सुई काही त्यांनी दिली नाही.

चिऊला पुन्हा पळायला पावसाळा उलटावा लागला. डाव्या पायाने अजून किंचित फेंगडी चालते. मैत्रिणींना सांगते, स्टाइल आहे. तुझ्यावर राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. तू तुझं शिलाई मशीन विकून टाकलंस. कुणी सांगितलं होतं? आणि चिऊ जिन्याने दोन दोन पायऱ्या उतरायची, तेव्हा सगळे तिच्या पायांकडे बघायचे, तू एकटी तिच्या कमरेकडे. बारा वर्षं झाली तरी! शेवटपर्यंत त्या सुईबद्दल एकदाही बोलली नाहीस. एवढी तोंडाळ बाई, आणि नेमकं तेवढंच गिळलंस? ज्या तोंडाने पोर वाचवली, त्याच तोंडाने?

तर आता वचन. चिखलोलीत, बिल्डरने कबूल केलेलं रेल्वे स्टेशन येवो न येवो, माझ्या घरात दिवे लागल्यावर तो शब्द निघणार नाही. चिऊ हसेल, हसू दे. आणि वेळ आलीच, तर तुझ्यासारखा पॅसेजभर ऐकू जाईल असा ओरडेन.

आत्ताच बाजारातून लांब सुयांचं पाकीट आणलं आणि कांताभाभीच्या दारात गेलो. ती पापड वाळत घालत होती. हातात दिलं नाही, रिकाम्या थाळीत ठेवलं. तिने उन्हाकडे पाहिलं, पाकीट फोडलं, एक सुई काढून पदराला टोचली, आणि बाकीचं पाकीट थाळीसकट माझ्याकडे सरकवलं.

"एकच थी," म्हणाली.

तुझा,
पम्या